सोमवारी बिघडणारी कुट्टी

१९ नोव्हेंबर, मंगळवार

जूनमध्ये अंगणवाडीतून निवृत्त झाले तेव्हा एक कोरं रजिस्टर माझ्याकडंच राहिलं. परत द्यायचं होतं, दिलं नाही. एकतीस वर्षं रोज पोरांची हजेरी आणि वजनं लिहिली, ती सवय काही सुटत नाही. घरात आम्ही निम्मं कानडी बोलतो, पण हातात पेन आलं की मला मराठीच सुचतं. आज लिहायला कारण मिळालं. चारा बारीक कापायची कडबा कुट्टी बंद पडली.

कुट्टी जुनी आहे. आधी हातानं फिरवायच्या चाकाची होती, यांनी तिला मोटर आणि पट्टा जोडला. आमच्या परसातली एकही वस्तू दुकानातून आली तशी राहिलेली नाही. शेणाच्या गाड्याला लुनाचं चाक आहे, गोठ्याच्या दाराला ट्रॅक्टरच्या टायरची बिजागरी. गावात कुणाचं काही मोडलं तर ‘सोमलिंगअप्पाला दाखवा’ म्हणतात.

तर मी यांना हाक मारली. हे बाजेवरून उठले, हळूहळू आले आणि पालथ्या घमेल्यावर बसले. “पाना घे,” म्हणाले. मी पाना घेऊन पुढं केला, तर यांनी हातच पुढं केला नाही.

“तुझ्याच हातात ऱ्हाऊ दे. आधी बोर्डातली पिन काढ अन् डोळ्यासमोर ठेव. पिन दिसत असल्याबिगर यंत्राला हात लावायचा न्हाय.”

मोटर एका बाजूला खचली होती, म्हणून पट्टा सैल पडून नुसताच घसरत होता. बाभळीची पाचर ठोकून मोटर वर घेतली, हादरे बसू नयेत म्हणून खाली सायकलच्या ट्यूबची घडी घातली. सगळं मी केलं आणि हे घमेल्यावर बसून नुसते हुकूम सोडत होते. दसऱ्यानंतर आमच्या लेकानं, शिवानंदनं सोलापूरला नेऊन यांच्या सगळ्या तपासण्या करून आणल्या, थोडं रक्त कमी आहे म्हणाले. रक्त कमी असलं म्हणून काय पाना उचलत नाही? आळस आहे नुसता.

एक गोष्ट इथंच लिहून ठेवते. काल सोमवार होता आणि मी पाच मिनिटं कुट्टी चालवली होती. कुणाला बोलले नाही.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

पुन्हा बंद. मागच्या मंगळवारी ठोकलेली पाचर चार हात लांब कडब्यात पडलेली.

“तुमी ठोकली असती तर निघाली नसती,” मी म्हटलं.

“मग नीट ठोक.”

“मुरूम गावच्या मिस्त्रीला फोन करते.”

“मिस्त्री येईस्तोवर चंद्री काय खाईल, तुझं रजिस्टर?”

चंद्री म्हणजे आमची म्हैस. जानेवारीच्या शेवटाला विणार आहे. तिला अख्खा कडबा टाकला तर निम्मा पायाखाली तुडवते, म्हणून कुट्टीच लागते. मी पाचर ठोकली. यांनी काठीनं मोटर ढकलून बघितली, “हालती,” म्हणाले. पुन्हा ठोकली. तेव्हा कुठं पसंत पडली. अंगठ्याला हातोडी लागली ती वेगळीच.

३ डिसेंबर, मंगळवार

आता मात्र माझ्या मनात शंका बसली आहे. आज कडबा आत ओढणारा रूळच दाबत नव्हता. त्याची स्प्रिंग जागेवर नाही. झाडून काढलं, चाळणीनं माती चाळली, सापडली नाही. शेवटी यांनी ट्यूबची पट्टी कापायला लावली आणि ती ताणून दोन्हीकडं कशी बांधायची ते दाखवलं. रूळ दाबायला लागला. स्प्रिंगपेक्षा बरा चालतो असं माझं मत आहे.

पण तीन मंगळवार ओळीनं? म्हणजे दर वेळी सोमवारीच काहीतरी होतंय. आमच्याकडं सोमवारी बैल जुंपत नाहीत, बसवण्णाचा वार. बैल विकून चार वर्षं झाली, पण मामंजी असल्यापासून पद्धत पडली आहे की त्या दिवशी गाडा, मोट, यंत्र, चाकाचं काहीच फिरवायचं नाही. रविवारी दुप्पट कुट्टी करून ठेवायची. त्या एका सोमवारी माझी चूक झाली आणि तिथूनच हे सुरू झालं. एवढ्यासाठी देव तीन आठवडे राग धरून बसतो का, मला माहीत नाही. पण मनाला लागलं आहे खरं.

५ डिसेंबर, गुरुवार

मठात जाऊन सिद्धाराम स्वामींना सगळं सांगितलं. त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं.

“इरम्माक्का, बसवण्णाला बैलाची दया. बैलाला एक दिवस विसावा मिळावा म्हणून वार पाळायचा. मोटरीला कसला विसावा?”

“मग दर सोमवारीच कसं बिघडतंय, स्वामी?”

“सोमवारी तुमी कुठं असता?”

“सकाळी महादेवाला. दुपारी बचत गटाची बैठक.”

“अन् घरी?”

“हेच असतात.”

स्वामी हसले. “मग त्यांनाच इचारा की.”

यांना काय विचारायचं? यांचा देवाधर्मावर किती विश्वास आहे ते अख्ख्या गावाला माहीत आहे. येताना महादेवाला बेल वाहिला आणि चूक कबूल केली.

१० डिसेंबर, मंगळवार

बेल वाहून काही उपयोग झाला नाही. आज कुट्टी लांबलांब, चिंध्यांसारखी पडायला लागली. पात्यात आणि खालच्या पट्टीत फट वाढली होती. ही फट बसवायची यांची युक्ती आहे. लग्नपत्रिकेचा तुकडा मध्ये धरायचा आणि चाक हातानं फिरवायचं. पत्रिका कापली जाऊ नये, पण घासल्याचा आवाज यावा. मी महांतप्पाच्या नातीची पत्रिका घेतली.

पहिल्यांदा बसवली तर म्हणाले, “सोड. पुन्हा बसव.” दुसऱ्यांदा अगदी बरोबर बसली होती, कानाला कळत होतं. तरी म्हणाले, “सोड.” मग माझं डोकं फिरलं. पाना तिथंच टाकून मी घरात आले. दोन तास बोलले नाही. चहा मात्र दिला, नाहीतर स्वतः चूल पेटवायला उठले असते आणि धाप लागली असती. थंडी सुरू झाल्यापासून यांना उंबरा चढला तरी धाप लागते. तंबाखू सोडा म्हणून मी बोलून थकले.

संध्याकाळी मुकाट्यानं जाऊन तिसऱ्यांदा बसवली. “आता तुझा तुला आवाज कळला,” म्हणाले.

हो, कळला. पण एवढा छळ करून?

आणखी एक. काल बैठकीहून आले तेव्हा यांच्या बोटांना गिरीस होतं. कशाला हात लावलात म्हटलं, तर दाराची कडी करकरत होती म्हणाले. कडी आज पण करकरते आहे.

१५ डिसेंबर, रविवार

काल बिघडलं ते आपल्या मनानं बिघडलं, म्हणून मला बरंच वाटलं. हापसा पाणी धरत नव्हता. तोंड उघडून आतलं वायसर काढलं, झिजून पापडासारखं झालेलं. यांनी माझी जुनी कातडी चप्पल आणायला लावली. टाचेचा भाग गोल कापून रात्रभर तेलात भिजवला, तो आज सकाळी बसवला. चार हापसे कोरडे गेले आणि पाचव्याला पाणी आलं. मी एवढी खूश झाले की तेच पाणी ओंजळीत घेऊन यांच्यावर उडवलं. साठी उलटली माझी, आणि पोरीसारखं पाणी उडवलं.

हे हसले. “जमतंय की तुला,” म्हणाले. चाळीस वर्षांत माझ्या स्वयंपाकाला सुद्धा असं म्हणालेले आठवत नाहीत. नंतर बराच वेळ माझ्या हातांकडं बघत बसले होते. काळे झालेत म्हणून बघत असतील.

सदरा धुताना खिशात ती हरवलेली स्प्रिंग सापडली. कुठंतरी सापडली असेल आणि ठेवून विसरले असतील. विसरायला फार लागलेत. मला त्याची काळजी वाटते.

२३ डिसेंबर, सोमवार

आज बैठकीला गेले नाही. जाते म्हणून निघाले आणि मागच्या वाटेनं कडब्याच्या गंजीआड येऊन बसले. देवाचा कोप आहे की कुणाची खोड आहे ते एकदा बघायचंच होतं.

हे आले. घमेल्यावर बसले. पिन काढली, डोळ्यासमोर ठेवली. पाना दोन्ही हातांत धरून मोटरचा नट एक फेरा सैल केला आणि थांबले. छातीवर हात ठेवून बसून राहिले. मग आणखी एक फेरा. एका नटाला एवढा वेळ लागला की माझ्या पायाला मुंग्या आल्या. शेवटी काढलेली पाचर कडब्यात फेकली आणि भिंत धरत धरत घरात गेले.

मी तिथंच बसून रडले. माणसाचं डोकं फिरायला लागलं की आपल्याच हातानं चांगलं मोडतो, असं ऐकलं होतं. एकतीस वर्षं अख्ख्या गावाच्या पोरांची वजनं केली, कुणाची वाढ थांबली ते नुसतं बघून ओळखलं, आणि माझ्याच घरचा माणूस कधी भ्रमात गेला ते मला कळलं नाही. यांना विचारलं नाही. विचारून लाजवायचं नाही. शिवानंद वेळ अमावस्येला, येळवशीला येतोय, त्याच्याशी बोलेन.

२४ डिसेंबर, मंगळवार

पाचर ठोकली. आज एकदाही चिडले नाही. हे म्हणाले, “आज लई शांत हाईस.” मी पिन घालून कुट्टी सुरू केली.

३० डिसेंबर, सोमवार. येळवस

शिवानंद काल पुण्याहून आला. सकाळी आंबील, भज्जी, बाजरीचे उंडे, सगळं डोक्यावर घेऊन शेतात गेलो. शेजारची धुरपदाबाई पण आमच्यासोबत होती. ती एकटीच असते, तिच्या दोन्ही लेकी सासरी. कडब्याच्या कोपीतली पूजा झाली. मग घरच्या कर्त्यानं आंबील शिंपडत पिकाला फेरी मारायची असते. यांनी तांब्या घेतला, ज्वारीच्या कडेनं दहा पावलं चालले आणि बांधावर बसले. तांब्या शिवानंदच्या हातात दिला. “तू जा,” म्हणाले. एवढ्या वर्षांत फेरी यांनी कधी कुणाला दिली नव्हती.

शिवानंद परत आला तसा मी त्याला आंब्याखाली गाठला. म्हटलं, “आप्पाला डोक्याच्या डॉक्टरकडं ने. आपल्याच हातानं कुट्टी मोडून ठेवतेत.” सगळं सांगितलं.

तो माझ्याकडं बघत राहिला आणि त्याचे डोळे भरले.

“अव्वा, डोकं चांगलं हाय त्यांचं. हृदयाची झडप गेलीय. सोलापूरला म्हणले, दिवाळीच्या आधी ऑपरेशन करा. आप्पा म्हणले, तुझ्या अव्वाला परसातलं सगळं येऊ दे, मग येतो. तुला सांगितलं तर येणारच न्हाय म्हणले. म्या रोज फोनवर भांडतोय त्यांच्याशी.”

झडप म्हणजे काय ते मला समजावून सांगावं लागलं नाही. वायसर गेलं की हापशातलं पाणी मागं पळतं, पंधरा दिवसांमागं मी ते हातात धरून बघितलं होतं. यांच्या छातीत तेच चाललं होतं आणि मी तंबाखूला नावं ठेवत होते. पंगतीत सगळ्यांना वाढलं. स्वतःचं पान मांडलंच नाही.

३१ डिसेंबर, मंगळवार

सकाळी शिवानंदला दळण आणायला पाठवलं आणि यांच्यासमोर बसले.

“झडप गेलीय म्हणं तुमची.”

हे “बोलला व्हय त्यो,” म्हणाले.

“तीन म्हैने होत आले. मला शिकवायचं व्हतं तर सांगून शिकवायचं. मोडून कशाला?”

“सांगितलं असतं तर शिकली असतीस? रडत बसली असतीस.” खरं बोलले. “ऑपरेशनात कुणाचं काय सांगावं. मी आलो न्हाय माघारी, तर तू काय पुण्याच्या फ्लॅटात ऱ्हाणारी न्हाईस. इथंच ऱ्हाशील, चंद्रीसंगं. मोटर बंद पडली, पाणी बंद झालं, तर कुणाकुणाला हाका मारत फिरशील? मला ते बघवना.”

“तुमी कुठं असणार बघायला?”

“म्हणून तर आत्ताच बघून घेत हुतो.”

मला एवढा राग आला, एवढी माया आली, की कुठलं आधी दाखवावं कळेना. यांच्या दंडाला धरून परसात आणलं आणि घमेल्यावर बसवलं. पिन काढली. पट्टा उतरवला, मोटर खाली घेतली, रुळाचं रबर सोडलं, पाती काढून कानस मारली, सगळं पोत्यावर मांडलं. मग एकेक करून परत चढवलं. मध्ये एकदा यांचं तोंड उघडलं, मी बोट दाखवून गप्प केलं. फट पत्रिकेनं लावली, पिन घातली. कुट्टी बारीक, एकसारखी पडली.

काम करताना एक लक्षात आलं. इतक्या सोमवारी यांनी पट्टा सैल केला, पाचर काढली, स्प्रिंग लपवली, फट सुद्धा खालच्या पट्टीकडूनच वाढवली. पात्याच्या नटाला एकदाही हात लावलेला नव्हता. सैल पातं उडून मला लागलं असतं ना.

“झाली का परीक्षा?” मी विचारलं.

“झाली.”

“मग ऑपरेशनला चला.”

“चलतो.” कुट्टी मुठीत घेऊन बघत बसले. मग म्हणाले, “मी अन् शिवानंद जातो. तू हितं थांब. चंद्रीचं दिवस भरत आलेत. आता तुला सगळं येतंय.”

म्हणजे सगळं शिकले ती हीच शिक्षा झाली. मला येतंय म्हणून मी इथं कुट्टी करत बसायची आणि हे तिकडं छाती उघडून पडायचे. मी हो म्हटलं नाही, नाही पण म्हटलं नाही.

४ जानेवारी, शनिवार

दवाखान्यानं मंगळवारी सकाळी दाखल व्हायला सांगितलं आहे. शिवानंदनं रजा वाढवून घेतली.

धुरपदाबाईला गुरुवारपासून हाताखाली घेतली आहे. यांना म्हटलं, ती कुट्टी करून न्यायला येते. ती येते त्या वेळी हे झोपलेले असतात.

“अक्का, मला यंत्राचं भ्या वाटतंय. माझ्या हातनं आजवर शिलाई मशीन बी चाललं न्हाय.”

“मला बी वाटत व्हतं. पिन काढ.”

“काढली.”

“कुठं हाय?”

“पाटीत टाकली.”

“डोळ्यासमोर ठेव, धुरपदा!”

पट्टा उलटा चढवला, पाचर माझ्या पायावर पाडली, पत्रिकेचे तर दोन तुकडे केले. मी चिडले नाही असं नाही. शिकवणाऱ्याची छाती कशी धडधडते ते आता कळतंय, आणि यांची तर आधीच अधू. पण धुरपदाबाई चिवट आहे. रबर बांधायला तिला पहिल्याच दिवशी आलं. चंद्री तिच्या हातचं खाते. आज तिनं गोठा पण झाडून काढला.

६ जानेवारी, सोमवार

देवळात गेले नाही. धुरपदाबाई गेली. ती जाऊन येईपर्यंत मी पाचर काढली, फट वाढवली आणि उद्या सकाळसाठी पट्टा उतरवून ठेवला. देव मला माफ करेल, माझ्यासमोर दुसरा दिवस शिल्लक नाही.

यांचे सदरे, धोतरं, तांब्या, सगळं पिशवीत भरलं. माझी दोन लुगडी तळाला घातली.

७ जानेवारी, मंगळवार. सोलापूर, दवाखाना

सकाळी सात वाजता शिवानंदनं भाड्याची गाडी दारात आणली. हे परसात गेले. चंद्रीच्या पाठीवरून हात फिरवला, कुट्टीकडं बघितलं. पट्टा खाली पडलेला दिसला आणि यांचा चेहरा उतरला.

“ह्ये कुणी सोडलं? म्या तर हात लावला न्हाय.”

“तुमी गाडीत बसा,” मी म्हटलं.

हे मागच्या सीटवर बसले. शिवानंद यांच्या शेजारी चढायला लागला, तेवढ्यात मी पिशवी घेऊन आले.

“पिशवी दे अन् घरात जा. थंडी हाय,” हे म्हणाले.

“म्या येतेय.”

“तू कुठं?”

“दवाखान्यात. तुमच्यासंगं.”

“अन् परस? चंद्रीला कुट्टी कोण करणार? पट्टा खाली पडलाय तिथं!” आवाज चढला तसा यांना खोकला आला. शिवानंद घाबरला, “अव्वा, त्यांना बोलायला लावू नगं,” म्हणाला.

मी म्हटलं, “जरा गप बसा अन् ऐका.”

परसात हातोडीचे ठोके पडत होते. एक ठोका चुकून पत्र्यावर बसला आणि धुरपदाबाईनं कुणाला तरी शिवी घातली, बहुतेक मलाच. मग काही वेळ नुसती शांतता. ती फट लावत होती. शिवानंदनं घड्याळात बघितलं. मी माझ्या पदराची गाठ बांधत आणि सोडत उभी होते, कारण नाही जमलं तर मला घरात जावं लागलं असतं आणि ही गाडी मला टाकून गेली असती.

मोटर सुरू झाली. कडबा आत गेल्याचा आवाज आला, आणि मग कुट्टी पडायला लागली. हे डोळे मिटून ऐकत होते.

“बारीक पडतीया,” म्हणाले. “कोण हाय?”

“धुरपदाबाई. म्या शिकवली. पाच दिवसांत.”

यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं ते पुसलं पण नाही. मी म्हटलं, “एकटीनं कसं ऱ्हायचं ते तुमी मला शिकवलं. आता तुमच्यासंगं यायला मला कुणाला इचारायची गरज न्हाय.”

शिवानंद पुढं ड्रायव्हरजवळ जाऊन बसला. यांनी मांडीवरची शाल गोळा केली आणि माझ्यासाठी दाराकडची जागा सोडून आत सरकले.